ट्रायलोबाइटचा जीवाश्म हाती आल्यावर: तपासणी, ओळख, स्वच्छता आणि नोंद

ट्रायलोबाइट हे समुद्रात राहणारे आणि आता पूर्णपणे नामशेष झालेले संधिपाद प्राणी होत. त्यांचे अवशेष सुमारे ५२.१ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत प्रथम दिसू लागतात आणि सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कल्पाच्या अखेरीस झालेल्या महासंहारात त्यांचा शेवटचा वंशही संपतो. आजवर त्यांच्या २०,०००हून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. खनिजांच्या प्रदर्शनात, ऑनलाइन विक्रेत्याकडे किंवा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांमार्फत असा एखादा जीवाश्म आज सहज हाती येतो, आणि बहुतेक वेळा तो थेट काचेच्या कपाटात जातो. माझे म्हणणे असे की, कपाटात ठेवण्यापूर्वी तो नीट वाचला पाहिजे. कोणता खडक, कोणते ठिकाण आणि कवचाची कोणती स्थिती, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या तरच तो दगड काही सांगू लागतो. आणि त्यांतली एक जरी पुसली गेली तरी उरलेल्या दोन्हींचे मोल कमी होते.

उदाहरण म्हणून या लेखात मुख्यतः ‘एल्राथिया किंगी’ ही जाती घेतली आहे. अमेरिकेतील युटा राज्याच्या पश्चिम भागात, डेल्टा गावाच्या पलीकडे हाउस रेंज नावाची डोंगररांग आहे. तिथल्या व्हीलर शेल या थरांत ही जाती विपुल सापडते (शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला, पापुद्र्यांचा खडक). हे थर मध्य कँब्रियन काळातील, म्हणजे सुमारे ५०.५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. फील्डिंग मीक यांनी १८७० मध्ये या जातीचे वर्णन केले आणि क्लॅरेन्स किंग या भूवैज्ञानिकाच्या सन्मानार्थ तिला ‘किंगी’ हे नाव दिले. नमुने स्वस्त, भक्कम आणि बहुधा अस्सल असल्यामुळे नवशिक्याने सुरुवात करावी ती याच जातीपासून.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करावी लागेल. महाराष्ट्रात किंवा गोव्यात ट्रायलोबाइट सापडत नाहीत, आणि सह्याद्रीच्या दगडांत ते शोधण्यात वेळ घालवू नये. दख्खनचा बेसाल्ट हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे शेवटचा ट्रायलोबाइट संपल्यानंतर अठरा कोटींहून अधिक वर्षांनी ओतला गेलेला आहे. आणि या लाव्हाखालच्या किंवा भोवतालच्या जुन्या खडकांत ट्रायलोबाइट ज्यांत मिळावेत असे त्या काळातील सागरी थर आपल्याकडे नाहीत. नागपूरजवळच्या टाकळीसारख्या ठिकाणी दोन लाव्हाप्रवाहांमधल्या थरांत गोड्या पाण्यातील गोगलगायींचे आणि वनस्पतींचे सुंदर जीवाश्म मिळाले आहेत, पण तो इतिहास फार नंतरचा. भारतात ट्रायलोबाइट पाहायचे तर हिमालयाकडे वळावे लागते. स्पितीतील पराहिओ खोऱ्याचे कँब्रियन थर त्यासाठी प्रसिद्ध आहेत आणि तिथल्या जीवाश्मांवरचा एफ. आर. सी. रीड यांचा ग्रंथ १९१० मध्येच प्रसिद्ध झाला होता.

पहिली पायरी: हत्यारांची जुळवाजुळव आणि प्रकाश

लागणारी सामग्री फार नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक छोटी एलईडी टॉर्च, व्हर्नियर कॅलिपर, मऊ ब्रश, लाकडी दातकोरण्या, पांढरा ट्रे आणि वही एवढे पुरते. खरवडण्याचे काम करायचे असेल तर डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि नाकावर एन-९५ मुखपट्टी बांधावी, कारण शेलच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसांना घातक आहे.

प्रकाशाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. छतावरच्या दिव्याखाली ट्रायलोबाइट सपाट आणि मुका दिसतो. खोली थोडी अंधारी करून टॉर्च दगडाला जवळजवळ समांतर धरावी, म्हणजे कवचावरचा प्रत्येक उंचवटा आपली सावली टाकतो आणि अंगाचे जे आडवे खंड आधी दिसतच नव्हते ते मोजता येतात. टॉर्च वरच्या डाव्या कोपऱ्यातून धरण्याची शिस्त पाळावी. पुराजीवशास्त्राच्या ग्रंथांतील छायाचित्रे याच दिशेच्या प्रकाशात घेतलेली असतात, त्यामुळे तुलना सोपी होते. शिवाय प्रकाशाची दिशा माहीत नसेल तर खोलगट ठसा हा फुगीर कवचासारखा भासतो आणि आपण नेमके उलटे काहीतरी नोंदवून ठेवतो.

दुसरी पायरी: आधी दगड, मग प्राणी

नमुना उलटा करून खालची बाजू पाहावी. बहुतेक लोक हे करतच नाहीत. मोरोक्कोतील, कँब्रियननंतरच्या डेव्होनियन काळातला नमुना असेल तर घट्ट, करड्या रंगाचा चुनखडक दिसेल. व्हीलर शेलमधला असेल तर पातळ पापुद्र्यांचा काळसर करडा खडक. एल्राथियाची खालची बाजू तर मुद्दाम भिंगाखाली धरण्यासारखी असते. कवचाच्या तळाशी कॅल्साइटच्या, म्हणजे चुनखडक ज्याचा बनतो त्या खनिजाच्या, तंतूंचा जाड थर साचलेला असतो, त्यातले स्फटिक शंकूत शंकू बसवावेत तसे उभे रचलेले दिसतात. या थरामुळेच एल्राथिया आजूबाजूच्या मऊ शेलपासून एखाद्या बटणासारखा सुटा होऊन निघतो. मात्र त्याच थरामुळे पोटाकडच्या बाजूचे, पायांचे वा स्पृशांचे काहीही शिल्लक राहत नाही. तेव्हा सुट्या एल्राथियाच्या खाली ‘पाय’ दिसतात असे कोणी सांगितले तर तो कॅल्साइटच आहे हे ओळखावे.

पाय टिकून राहण्याची उदाहरणे फार थोडी आहेत, आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहेत. न्यूयॉर्क राज्यातील रोम शहराजवळच्या बीचर्स ट्रायलोबाइट बेडमध्ये ‘ट्रायआर्थ्रस’ या ट्रायलोबाइटचे पाय आणि स्पृशा पायराइटच्या, म्हणजे लोह व गंधकाच्या सोनेरी खनिजाच्या, रूपात जतन झालेल्या आहेत. चार्ल्स वॉलकॉट यांनी तर त्याआधीच, १८७०च्या दशकात, न्यूयॉर्कमधल्याच चुनखडकातील नमुने घासून पातळ काप केले आणि ट्रायलोबाइटना सांधेदार पाय होते हे दाखवून दिले. कॅनडातील बर्जेस शेल या कँब्रियन थरांत पुढे त्यांनी केलेले काम जास्त गाजले, पण मला हे चिकाटीचे काम अधिक मोलाचे वाटते.

तिसरी पायरी: अस्सल की बनावट

व्हीलर शेलच्या सामान्य नमुन्यांची नक्कल करण्यात कोणाला फायदा नसतो. प्रश्न येतो तो मोठ्या, काटेरी आणि महागड्या नमुन्यांचा, विशेषतः मोरोक्कोतून येणाऱ्यांचा. तिथल्या एर्फूद आणि अल्निफ या भागांत जीवाश्म काढून स्वच्छ करण्याचा मोठा व्यवसाय आहे. त्यात अप्रतिम हात असलेले कारागीर आहेत, आणि त्याच बाजारात साच्यातून काढलेल्या प्रतीही विकल्या जातात.

सर्वप्रथम भेग शोधावी. हा चुनखडक इतका कठीण असतो की कारागीर तो हातोड्याने फोडतात, फुटलेल्या कडेवर ट्रायलोबाइटच्या कवचाची बारीक काळी रेघ दिसली की दोन्ही तुकडे पुन्हा चिकटवतात आणि मगच वरचा खडक कोरून काढतात. त्यामुळे अस्सल नमुन्यात खडकातून निघून प्राण्याच्या अंगावरून पलीकडे जाणारी चिकटवलेली भेग बहुधा असते. अशा भेगेमुळे ग्राहक नाराज होतो, पण ती चांगली खूण आहे. भेग प्राण्याच्या कडेशी येऊन थांबत असेल आणि अंगावर तिचा मागमूस नसेल, तर प्राणी वेगळा करून त्या दगडावर बसवला असण्याची शक्यता मोठी.

त्यानंतर भिंगाखाली पृष्ठभाग सावकाश फिरवून पाहावा. बारीक गोल छिद्रे म्हणजे राळेतले हवेचे बुडबुडे. ती विशेषतः काट्यांच्या मुळाशी आणि डोळ्यांच्या खाचेत सापडतात. कवच आणि खडक यांच्या सीमेवर रंगात व पोतात स्पष्ट फरक असायला हवा. तिथे दोन्हींवर एकच गुळगुळीत थर पसरलेला दिसला तर दगडाची पूड आणि गोंद मिसळून केलेला लेप असावा. फॅकॉप्स गटातील नमुना असेल तर डोळे पाहावेत: या गटाच्या डोळ्यांतील भिंगे सुटी, मोठी आणि नुसत्या डोळ्यांना दिसतील अशी असतात आणि ती नीटस रांगांत बसलेली असतात. साच्यातल्या प्रतीत ती एकमेकांत मिसळलेली आणि पुसट होतात.

एवढ्यावर शंका राहिली तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात ॲसिटोनचा कापसाचा बोळा हलकेच फिरवावा. रंग उतरला तर तिथे हात फिरवलेला आहे हे नक्की. अतिनील टॉर्चखाली गोंद आणि राळ अनेकदा खडकापेक्षा वेगळ्या रंगात चमकतात, त्यामुळे दुरुस्तीचा पसाराही कळतो. दुरुस्ती म्हणजे फसवणूक नव्हे. तुटलेला गाल भरून काढला असेल आणि विक्रेत्याने तसे सांगितले असेल तर नमुना घेण्यास हरकत नाही. फक्त भरलेला भाग कोणता, हे नोंदीत आलेच पाहिजे.

चौथी पायरी: कवचाचे भाग वाचणे

ट्रायलोबाइटचे तीन कप्पे लांबीच्या दिशेने पडतात: मधला फुगीर कणा आणि त्याच्या दोन बाजूंचे दोन पट्टे. याखेरीज आडव्या दिशेने डोके, धड आणि शेपूट असे भाग असतात. नवशिक्यांचा गोंधळ या दोन विभागण्यांत होतो, म्हणून वहीत प्रथम साधी आकृती काढून हे सगळे दाखवावे. जाणकारही इथे चकले आहेत. एडवर्ड ल्विड यांना सतराव्या शतकाच्या अखेरीस वेल्समध्ये ट्रायलोबाइट सापडला तेव्हा मधला कणा आणि त्याला जोडलेल्या फासळ्या पाहून त्यांनी तो चपट्या माशाचा सांगाडा मानला होता.

डोक्याच्या मधोमध जो उंचवटा असतो त्याला ग्लाबेला म्हणतात. एल्राथियात तो पुढच्या दिशेने निमुळता होत जातो आणि डोक्याच्या पुढच्या कडेपर्यंत पोहोचत नाही. आता टॉर्च आणखी खाली झुकवून डोक्याच्या दोन्ही अंगांना पुढच्या कडेपासून डोळ्याच्या आतल्या बाजूने मागच्या कडेपर्यंत जाणारी केसासारखी बारीक शिवण शोधावी. कात टाकताना बहुतेक ट्रायलोबाइटचे डोके या शिवणीवर उसवत असे आणि शिवणीबाहेरचे सुटे गाल गळून पडत. म्हणून एल्राथियाचे दोन्ही सुटे गाल शिवणीवर स्वच्छ निघालेले आणि बाकी शरीर सलग असेल, तर तो नमुना ‘तुटका’ नसून बहुधा टाकलेली कात आहे. बाजारात असे नमुने कमी किमतीत मिळतात. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र तो प्राण्याच्या आयुष्यातील एका विशिष्ट घटनेचा पुरावा असतो, आणि माझ्या मते नवशिक्याने आपल्या संग्रहात असा एक तरी नमुना मुद्दाम ठेवावा. फॅकॉप्ससारख्यांत ही शिवण जुळून गेलेली असल्याने पूर्ण डोकेच निखळत असे, आणि कित्येकदा ते धडापुढे उलटे पडलेले सापडते.

धडाचे खंड मोजताना डोक्याच्या मागच्या कडेपासून सुरुवात करावी आणि मोजणी मधल्या कण्यावर करावी, बाजूच्या फासळ्यांवर नव्हे, कारण फासळ्यांची टोके मोडलेली किंवा एकमेकांखाली सरकलेली असू शकतात. शेपटीवरही खंडांच्या रेघा असतात, परंतु ते खंड एकमेकांना जुळून एकच ढाल झालेली असते, म्हणून त्यांना धडाच्या मोजणीत धरायचे नाही. धड कोठे संपते हे कळत नसेल तर दोन खंडांमधला खरा सांधा कोठवर आहे ते पाहावे. प्रौढ एल्राथियाच्या धडात साधारणपणे १३ खंड असतात.

ही संख्या ओळखीसाठी फार उपयोगी पडते. दोनच खंड, डोळे नाहीत, आणि डोके व शेपूट जवळजवळ सारख्या आकाराची असतील तर प्राणी ॲग्नॉस्टिड गटातला. व्हीलर शेलमध्ये एल्राथियाच्या शेजारीच हे मोहरीएवढे ते मसुराएवढे जीव सापडतात. ते खरोखर ट्रायलोबाइट आहेत की नाहीत, यावर तज्ज्ञांमध्ये दीर्घकाळ वाद चालत आला आहे. आठ खंड आणि मोठी गुळगुळीत शेपूट दिसली तर ॲसाफिड गटाचा विचार करावा. याच गटातला ‘आयसोटेलस रेक्स’ कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात सापडला आणि २००३ मध्ये त्याचे वर्णन झाले. त्याची लांबी ७० सेंटिमीटरहून अधिक आहे. ११ खंड आणि ठळक भिंगांचे डोळे म्हणजे फॅकॉप्सचा परिवार. १३ खंड मात्र एल्राथियातही असतात आणि कॅलिमीनच्या परिवारातही, त्यामुळे केवळ संख्येवर नाव ठरवू नये: कॅलिमीनच्या ग्लाबेलाला दोन्ही बाजूंना गोल गोल फुगवटे असतात आणि ते प्राणी अनेकदा अंगाची गुंडाळी करून बसलेले मिळतात.

शेवटी कडा तपासाव्यात. एखाद्या बाजूच्या फासळ्यांवर इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘डब्ल्यू’च्या आकाराची खाच असेल आणि खाचेची कड धारदार नसून गोलसर व जाडसर असेल, तर ती भरून आलेली जखम आहे. प्राणी हल्ल्यातून वाचला आणि पुढे जगला. धारदार कडेची खाच मात्र दगड फोडतानाही पडू शकते. एल्राथियाच्या अशा जखमा अनेक अभ्यासांत नोंदल्या गेल्या आहेत, म्हणून अशी खाच दिसल्यास ती कोणत्या बाजूला आणि कितव्या खंडावर आहे ते लिहून ठेवावे.

पाचवी पायरी: स्वच्छता

शक्य तेवढे कमी करावे, हा इथला नियम. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी, आणि पाणी लावण्यापूर्वी दगडाच्या कोपऱ्यावर एक थेंब टाकून दहा मिनिटे वाट पाहावी. काही शेल पाणी लागताच फुगतात आणि पापुद्रे सुटतात.

आंबटपणा असलेला कोणताही पदार्थ, मग तो व्हिनेगर असो, लिंबाचा रस असो की स्नानगृह धुण्याचे ॲसिड असो, ट्रायलोबाइटला लावू नये. त्याचे कवच आणि त्याच्या डोळ्यांतील भिंगेसुद्धा कॅल्साइटची आहेत, आणि आम्लाला खडकातला कॅल्साइट व कवचातला कॅल्साइट यांत फरक कळत नाही. काही संशोधकांनी चुनखडक आम्लात विरघळवून अत्यंत नाजूक ट्रायलोबाइट बाहेर काढले, हे खरे आहे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील, कँब्रियनच्या लगेच पुढच्या ऑर्डोव्हिशियन काळातल्या थरांतले असे नमुने सुप्रसिद्ध आहेत. पण त्या नमुन्यांत कवचाच्या जागी सिलिका आलेली होती. हातातला नमुना तसा आहे, याची प्रयोगशाळेत खात्री झाल्याशिवाय हा मार्ग धरू नये.

चिकटलेला शेल काढायचा असेल तर लाकडी दातकोरणी आधी वापरून पाहावी. पोलादी सुई कॅल्साइटपेक्षा कठीण असते, त्यामुळे ती वापरायचीच झाल्यास टोक नेहमी कवचापासून दूर, बाहेरच्या दिशेने चालवावे आणि कवचाला लागून असलेला शेवटचा पापुद्रा खरवडण्याऐवजी हलक्या दाबाने उडवावा. हाताला सवय होईपर्यंत मोडक्या एल्राथियांवर सराव करावा. ते पिशवीभर स्वस्तात मिळतात. ज्या कारखानदारी यंत्रांनी हवेच्या झोतातून बारीक पूड मारून खडक उडवला जातो, त्यांत डोलोमाइट किंवा खाण्याच्या सोड्यासारखी मऊ पूड निवडतात ती याच कारणासाठी.

सुटलेला तुकडा चिकटवण्यासाठी संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ ही ॲक्रिलिक राळ ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरतात, कारण ती पुढे कधीही ॲसिटोननेच काढता येते. झटपट चिकटणारा गोंद मोहक वाटतो, पण तो काढणे अतिशय अवघड जाते. चमक आणण्यासाठी वार्निश, तेल किंवा नेलपॉलिश लावू नये. त्याने बारीक शिवणी भरून जातात.

सहावी पायरी: नोंद

नोंदीशिवाय जीवाश्म केवळ शोभेचा राहतो. प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्यावा आणि तो खडकाच्या मागच्या बाजूला, पॅरालॉइडचा छोटा थर देऊन त्यावर काळ्या शाईने लिहावा, म्हणजे चिठ्ठी हरवली तरी ओळख राहते. वहीत त्या क्रमांकापुढे ठिकाण, शैलसमूह, काळ, मिळाल्याची तारीख, कोणाकडून मिळाला, मधल्या रेषेवरची लांबी, जास्तीत जास्त रुंदी, धडाच्या खंडांची संख्या, सुटे गाल आहेत की नाहीत, आणि केलेली किंवा आढळलेली दुरुस्ती लिहावी. नावाची खात्री नसेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह टाकावे. ‘मोरोक्को, ट्रायलोबाइट’ एवढ्या माहितीवर विकत घेतलेल्या नमुन्याला नंतर ठिकाण शोधून देणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला खाणीचे किंवा निदान गावाचे नाव विचारावे.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना स्वतः दगड फोडून एल्राथिया काढता येतो. डेल्टाजवळ पैसे भरून खोदू देणाऱ्या खासगी खाणी आहेत. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमीन खात्याच्या जमिनीवरही साध्या, अपृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म साध्या हत्यारांनी, मर्यादित प्रमाणात आणि विक्रीसाठी नव्हे तर स्वतःच्या संग्रहासाठी गोळा करण्याची मुभा असते. जाण्यापूर्वी त्या जागेचे नियम स्थानिक कार्यालयात विचारून घ्यावेत. कॅनडात योहो राष्ट्रीय उद्यानातील माउंट स्टीफनवर पावलापावलावर ट्रायलोबाइट पसरलेले आहेत, परंतु तिथे मार्गदर्शकासोबतच जाता येते आणि एकही तुकडा उचलता येत नाही.

सातवी पायरी: आपल्या हवेत जपणूक

कॅल्साइटचे नमुने तसे सोशिक असतात, पण बंद लाकडी किंवा प्लायवूडच्या खणांतून निघणाऱ्या आम्लधर्मी वाफांनी वर्षानुवर्षांत कवचावर पांढरी बुरशीसारखी पूड धरू शकते. पॉलिप्रॉपिलिनचे डबे आणि आम्लविरहित कागद यांत ते अधिक सुरक्षित राहतात.

खरी काळजी पायराइटच्या नमुन्यांची घ्यावी लागते. जर्मनीतील हुन्सर्यूक पाटीच्या दगडातले किंवा न्यूयॉर्कमधले सोनेरी झळाळीचे ट्रायलोबाइट दमट हवेत ऑक्सिडीकरणाने आतून कुजतात, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात ही क्रिया वेग घेते. गंधकासारखा वास, पांढरी-पिवळी भुकटी आणि नव्याने पडलेल्या केसाळ भेगा ही तिची लक्षणे आहेत. असा नमुना हवाबंद डब्यात, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आत आर्द्रतामापक ठेवून सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राखावी आणि जून ते सप्टेंबर या काळात जेल दर आठवड्याला तपासून गरजेप्रमाणे तापवून पुन्हा वापरावे. भुकटी धरलेला नमुना लगेच इतरांपासून वेगळा करावा, कारण त्यातून तयार होणारे आम्ल शेजारच्या कॅल्साइटच्या नमुन्यांना आणि खालच्या चिठ्ठीलाही खाऊन टाकते. आणि पाण्याने धुण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.